दुधाच्या गावातील जागती पहाट

आणंद हे नाव ऐकताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोण्याची पिवळी वडी उभी राहते. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी गाडी वडोदरा सोडते, वासदजवळ महीचा रुंद पूल ओलांडते आणि खिडकीबाहेरची भूमी बदलते. तंबाखूची मोठमोठी पाने, केळीच्या बागा, मधूनच भाताची खाचरे आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या अंगणात बांधलेली म्हैस. मही आणि साबरमती या दोन नद्यांमधल्या या सुपीक पट्ट्याला चरोतर म्हणतात. पूर्वी हा सारा प्रदेश खेडा जिल्ह्यात होता. १९९७ साली आणंद हा वेगळा जिल्हा झाला.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. येथील पेटलाद परगणा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होता. मुंबईतल्या कित्येक पिढ्या तर चरोतरच्या दुधावर वाढल्या आहेत.

आणंदला येणारा प्रवासी सहसा ठरलेली ठिकाणे पाहतो. जवळच सरदार पटेलांचे करमसद आहे, वल्लभ विद्यानगरची शिक्षणनगरी आहे. आणंदहून गोध्र्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रणछोडरायाचे डाकोर लागते. तेथे दर्शन घ्यावे, गरम गरम गोटे खावेत आणि परतताना अमूलची डेअरी पाहावी, असा हा बेत असतो. चकचकीत नळ्या, पोलादी टाक्या आणि न थांबणारी यंत्रे पाहून पाहुणे थक्क होतात. पण या टाक्यांत येणारे दूध कोठून सुरू होते, हे पाहायचे असेल तर आदल्या रात्री एखाद्या खेड्यात मुक्काम करून पहाटे चारला उठायला हवे.

म्हशीच्या जोरावर उभी राहिलेली डेअरी

या डेअरीची जन्मकथा आता सर्वांना ठाऊक आहे. मुंबईला दूध पुरवण्याचा मक्ता एका खासगी डेअरीकडे होता आणि शेतकऱ्याच्या हाती फारसे काही पडत नव्हते. सरदार पटेलांच्या सल्ल्याने ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा भरली. मोरारजी देसाई अध्यक्षस्थानी होते. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध देणे बंद ठेवले. त्यातून त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. १९४९ साली वर्गीस कुरियन आणंदला आले आणि पुढे येथलेच झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या डेअरीचे उद्घाटन झाले.

या साऱ्या कथेत एक पात्र कायम पडद्याआड राहते. ते म्हणजे म्हैस. चरोतरची मूळची म्हैस सुरती जातीची आहे. ती आकाराने मध्यम, विळ्यासारख्या शिंगांची असते आणि तिच्या गळ्याखाली दोन पांढरट पट्टे असतात. त्याशिवाय मेहसाणी, मुऱ्हा आणि त्यांच्या संकराच्या म्हशीही येथे दिसतात. संकरित गाईंची संख्याही वाढली आहे. पण गाय असो वा म्हैस, नियम एकच. जनावर व्याल्याशिवाय दूध नाही आणि वेळेवर गाभण राहिल्याशिवाय पुढचे वेत नाही. डेअरीतील सर्वांत महागड्या यंत्रालाही या नियमातून सुटका नाही.

मुंबईच्या तबेल्यांची रीत निराळी होती. दूरदूरच्या गावांतून नुकत्याच व्यालेल्या उत्तम म्हशी शहरात आणायच्या, आटेपर्यंत पिळायच्या आणि आटल्यावर त्यांतल्या अनेक कसायाच्या हवाली करायच्या. तेथे म्हैस पुन्हा कधी माजावर येते, याकडे लक्ष देण्याची कोणाला गरज नव्हती. खेड्यात तसे चालत नाही. येथे दोन म्हशी असलेल्या कुटुंबाला तीच म्हैस पुन्हा गाभण राहायला हवी असते. ती राहिली तर घर चालते. नाही राहिली, तर बांधून खाणाऱ्या जनावराला किती दिवस पोसायचे हा प्रश्न उभा राहतो आणि मग दलाल अंगणात येऊन बसतो.

तीनच संधी

गाय-म्हैस साधारणपणे दर एकवीस दिवसांनी माजावर येते. कोणी अठराव्या दिवशी येते, कोणी चोविसाव्या. हा माज गाईत बारा ते अठरा तास टिकतो, म्हशीत कधी त्याहून थोडा अधिक. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिने दहा दिवसांचा असतो.

म्हशीने चौदा महिन्यांनी पुन्हा व्यावे अशी अपेक्षा धरली, तर हाती सुमारे ४२५ दिवस येतात. त्यांतून गर्भकाळाचे ३१० दिवस वजा केले की उरतात ११५. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला दोन महिने द्यावे लागतात. मग उरतात अवघे पंचावन्न दिवस. एकवीस दिवसांच्या हिशेबाने त्यांत दोन, फार तर तीन माज बसतात. वर्षभराचे दूध या दोन-तीन दिवसांवर अवलंबून असते. त्यांतला एक दिवस नजरेतून निसटला की एकवीस दिवस गेले. या दिवसांत चारा, पेंड, पाणी यांतले काहीच थांबत नाही. रोज पाच लिटर दूध देणारी म्हैस दोन माज चुकल्यामुळे बेचाळीस दिवस उशिरा व्याली, तर दोनशे दहा लिटर दूध तितके दिवस लांबते आणि लांबलेले दिवस परत मिळत नाहीत.

म्हशीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दिवस लहान होऊ लागले की म्हशी माजावर येऊ लागतात. शरद ते शिशिर हा त्यांचा काळ. चैत्र-वैशाखात चरोतरचे ऊन तापले की त्यांचा माज मंदावतो, कित्येकींचा दिसेनासाच होतो. त्यामुळे शिशिराच्या अखेरीस चुकलेला माज केवळ एकवीस दिवसांचे नुकसान करत नाही. कधीकधी त्याची भरपाई व्हायला नवरात्र उजाडावे लागते.

मुका माज

गाय माजावर आली की गोठ्याला कळते. ती हंबरते, दाव्याला हिसके देते, दुसऱ्या गाईंवर चढते. दुसरी गाय अंगावर चढू लागली असता ती न हलता उभी राहिली, तर ती पक्की माजावर आहे असे समजावे. म्हैस मात्र मुळात संकोची. ती दुसऱ्या म्हशीवर क्वचितच चढते. तिचा माज पुष्कळदा रात्री सुरू होतो आणि उजाडेपर्यंत ओसरूही लागतो. काही म्हशी तर काहीच दाखवत नाहीत. याला पशुपालक मुका माज म्हणतात. पूर्वी गावात रेडा असे, तो फिरताना वास घेऊन बरोबर म्हशीजवळ थांबत असे. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम रेतन होते. रेड्याचे ते काम माणसाच्या नजरेला करावे लागते.

ही नजर बहुतेक घरांत बाईची असते. चरोतरात काय किंवा आपल्याकडे काय, शेण काढणे, वैरण घालणे, धार काढणे ही कामे तिचीच. अशाच एका अंगणातली होळीच्या सुमाराची पहाट पाहावी. घरधनी रात्रपाळीला कारखान्यात गेलेला. शेजारच्या बंद घराला कुलूप, कारण त्या घरची माणसे पिढ्यान्पिढ्या इंग्लंडात स्थायिक झालेली. गोठ्यात दोन म्हशी. एक गाभण, दुसरी शरद पौर्णिमेच्या सुमारास व्यालेली. पाच महिने उलटून गेले तरी ही दुसरी म्हैस लागलेली नाही. ऊन वाढण्याआधीची ही बहुधा शेवटचीच वेळ, हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे.

“वहू, रात्री दोनदा ओरडली ती,” अंगणातल्या खाटेवरून म्हातारी सासू सांगते.

“हो बा, मीही ऐकले. आंबोणही अर्धेच खाल्ले आहे,” असे म्हणत सून कंदिलासारखा छोटा दिवा घेऊन म्हशीच्या मागे बसते.

अजून म्हैस उठलेली नाही. हीच पाहण्याची खरी वेळ. म्हैस बसलेली असताना योनीतून येणारा स्राव जमिनीवर दिसतो. उठून उभी राहिली की तो शेणात मिसळून जातो. सून वाकून पाहते. काचेसारखी स्वच्छ, चिकट तार आहे. तो पांढरा किंवा पिवळट असता तर रोगाची शंका आली असती. योनीचा भाग किंचित सुजलेला आहे. म्हैस उठल्यावर थोडी थोडी लघवी करते, शेपूट उचलून धरते. धार काढायला बसल्यावर सड ताठरलेले लागतात. एरवी भरणारी चरवी आज चार बोटे रिकामी राहते.

यांतले एकेक लक्षण फसवे असू शकते. दूध पेंडीच्या बदलानेही कमी होते, म्हैस डासांनीही ओरडते. पण तीन-चार खुणा एकत्र आल्या की त्यांचा अर्थ एकच. सुनेची शाळकरी मुलगी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मागची पाने उलटते. बावीस दिवसांपूर्वीच्या तारखेवर तिने पेन्सिलीने गोल केलेला आहे. त्या दिवशी शंका आली होती, पण दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात राहिले नाही. आता शंका उरत नाही.

रांगेत दिलेला निरोप

सहाच्या सुमारास गावच्या दूध मंडळीपुढे रांग लागते. पितळी चरव्या, स्टीलचे डबे, दुधाच्या किटल्या. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या सायकलला. जात-पात, मोठे घर, लहान घर यांचा विचार या रांगेत नाही. जो आधी आला तो आधी उभा. दुधाचे माप होते, यंत्रात स्निग्धांश कळतो, चिठ्ठी हाती पडते. एकेकाळी सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी रोख मिळत. आता ते बँकेत जमा होतात.

लालबहादूर शास्त्री १९६४ च्या ऑक्टोबरअखेर आणंदला आले, तेव्हा ते अजरपुरा या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी रात्रभर राहिले. लोकांशी बोलले. येथील जमीन, पाऊस, म्हशी यांत इतर प्रांतांपेक्षा फार वेगळे काही त्यांना दिसले नाही. वेगळी होती ती शेतकऱ्यांच्या मालकीची डेअरी. त्यांच्याच प्रेरणेने १९६५ साली आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० पासून ‘दुधाचा महापूर’ योजनेने हा नमुना देशभर नेला.

शास्त्रीजींना दिसलेल्या त्या मालकीचा एक लहानसा उपयोग या रांगेत रोज होतो. संघाने केवळ दूध विकत घेतले नाही. जनावरांचा डॉक्टर, पशुखाद्य आणि कृत्रिम रेतनाची सेवाही गावापर्यंत आणली. त्यामुळे दूध घालायला आलेली बाई तेथेच निरोप देऊ शकते. पूर्वी हे सोपे नव्हते. गोठ्याचे काम बाईचे, पण मंडळीच्या वहीत नाव बहुधा पुरुषाचे. ‘म्हैस माजावर आली’ हे चारचौघांत पुरुषांपुढे कसे बोलायचे? ती नवऱ्याला सांगे, नवरा संध्याकाळी मंडळीत सांगे, तोवर वेळ टळून जाई. आजही कितीतरी बायका तो शब्द उच्चारत नाहीत.

“भाई, आमच्या म्हशीसाठी माणूस पाठवाल का?” सून चिठ्ठी घेता घेता विचारते.

“कधीपासून, बेन?”

“काल संध्याकाळच्या धारेला काही नव्हते. रात्री ओरडली. पहाटे दिसले.”

“मग संध्याकाळी येईल तो. म्हशीला बांधूनच ठेवा.”

एवढे शब्द पुरतात. आता अनेक जण हाच निरोप फोनवरूनही देतात. ‘कधीपासून’ हा प्रश्न मात्र सुटत नाही आणि त्याचे उत्तर केवळ तिलाच ठाऊक असते. पशुतज्ज्ञांचा जुना, साधा नियम असा आहे की, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण बीजांड माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटते आणि तोवर शुक्रजंतू गर्भाशयापलीकडे पोहोचून तयार असावे लागतात. फार लवकर केले तर ते मरून जातात, उशीर झाला तर बीजांड वाट पाहत नाही. दिवसातून दोनदा भरणारी दुधाची रांग आणि दिवसातून दोनदा लागू पडणारा हा नियम यांची सांगड येथे आपोआप बसली आहे.

उणे १९६ अंश

संध्याकाळी रेतन करणारा सेवक मोटारसायकलवरून येतो. त्याच्याकडच्या भांड्यात द्रवरूप नत्र असते, तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. त्यात बारीक कांड्या बुडवलेल्या असतात. एका कांडीत पाव मिलिलिटर वीर्य. उत्तम वळू आणि रेडे निवडून रेतकेंद्रांत त्यांची जोपासना होते. खेडा जिल्ह्यात बिडज येथे साबरमती आश्रम गोशाळेचे असे मोठे केंद्र आहे. ज्या गोशाळेची मुळे गांधीजींच्या आश्रमात आहेत, तिच्या रेड्यांची संतती आज दूरदूरच्या राज्यांतील गोठ्यांत जन्मते.

भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत झाला. या पद्धतीने म्हशीचे पहिले पारडू १९४३ साली अलाहाबादच्या कृषी संस्थेत जन्मले. तेव्हापासून शास्त्र खूप पुढे गेले. आज बहुतांश माद्याच जन्माला याव्यात म्हणून वेगळे केलेले वीर्य मिळते, जनावरांच्या कानांत बारा आकडी क्रमांकाचे पिवळे बिल्ले दिसतात. मोठ्या गोठ्यांत गाईच्या गळ्यात किंवा पायात यंत्र बांधतात. माजावरची गाय बेचैन होऊन अधिक चालते, ते यंत्र तिची पावले मोजून मालकाला कळवते. औषधे देऊन ठरावीक दिवशी माज आणण्याचे उपायही डॉक्टर करतात. पण दोन म्हशींच्या घरात यंत्राचा खर्च परवडत नाही. तेथे पहाटे धारेपूर्वी, संध्याकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे शांतपणे म्हशीकडे पाहत बसणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याबरोबर तारीख लिहून ठेवावी. गाईच्या बाबतीत माजानंतर एक-दोन दिवसांनी थोडे रक्त दिसले, तर घाबरू नये. माज होऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ. ती तारीखही लिहावी आणि अठराव्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवावे. उन्हाळ्यात म्हशीला सावली द्यावी, दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी घालावे, म्हणजे माज दडण्याचे प्रमाण कमी होते.

सेवक कोमट पाण्यात कांडी अर्धा मिनिट धरतो, हातमोजा चढवतो आणि दोन-चार मिनिटांत काम आटोपतो. वहीत तारीख, बिल्ल्याचा क्रमांक आणि रेड्याचा क्रमांक टिपतो. म्हातारी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवते. कोणी काही बोलत नाही, कारण आज काहीच सांगता येत नाही.

होळी ते उत्तरायण

पुढचे एकवीस दिवस घरात पुन्हा तीच पाळत. अठराव्या दिवसापासून सून पहाटे दिवा घेऊन म्हशीमागे बसते. मात्र या वेळी तिला काहीच दिसू नये असे वाटत असते. एकोणीस, वीस, एकवीस. म्हैस निवांत रवंथ करते. चोविसावा दिवस जातो. सासू म्हणते, “ठरली बहुतेक.” सून मान हलवते, पण हो म्हणत नाही. मुका माज असतो हे तिलाही ठाऊक आहे. दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टर तपासून सांगतील तेव्हाच खरे.

वैशाखात डॉक्टर येतात. तपासणी संपवून, हात धुता धुता ते एकच वाक्य बोलतात, “गाभण आहे.” खाटेवरच्या म्हातारीला ते ऐकू जात नाही. सून तिच्या कानाशी वाकून पुन्हा सांगते. महिनाभरापूर्वी अंगणात डोकावून गेलेला दलाल आता पुन्हा येणार नसतो.

मुलगी दिनदर्शिकेकडे धावते. होळीपासून दहा महिने दहा दिवस मोजता मोजता तिची बोटे पौषापर्यंत येतात आणि तेथे थांबतात. उत्तरायण! त्या दिवशी सारा गुजरात छपरांवर चढून पतंग उडवत असतो. यंदा मात्र या घरातले कोणीतरी एक खाली, गोठ्यातच थांबणार आहे.